कंट्रोलर आप्पांचा फळा

माझी आई जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी जीव मुठीत धरून बसायला नको. आत्ता ती ओट्यावर मिरच्यांचे देठ तोडत बसली आहे आणि मला आत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं शेजारणीला सांगते आहे की पोरगी दिवसभर लिहीत बसते, घरातल्या कामाला हात लावत नाही. बोलू दे. तिनं असंच बोलत राहावं.

ती बोलते आहे ते ज्या माणसामुळे, त्या माणसाचा आमच्या गावाला मनस्वी कंटाळा होता. मलाही होता. ते खाकी शर्टात गल्लीच्या तोंडाशी दिसले की बाया एकमेकींना हाका मारून सांगायच्या, "आप्पा उना वं, शिडी दपाडा!" आणि खरंच दोन-तीन शिड्या घाईघाईनं गोठ्यामागे लपायच्या.

आमचं गाव धड शहर नाही, धड खेडं नाही. नंदुरबार आणि नवापूरच्या मधलं; एक एसटी स्टँड, एक सरकारी दवाखाना, मंगळवारचा बाजार. आप्पा त्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या, माईकवरून ओरडायचं, रद्द झालेली गाडी फळ्यावर लिहायची. रिटायर झाले तरी खाकी शर्ट आणि गळ्यातली शिट्टी दोन्ही तशीच राहिली. भाषाही दोन राहिल्या. घोषणा शुद्ध मराठीत, बाकी सगळं अहिराणीत. घरी नातवंडांना जेवायला बोलावतानासुद्धा "प्रवाशांनी ताटाजवळ यावे" म्हणायचे, आणि लगेच पुढे, "या रे, थंडं व्हई ऱ्हायनं!"

स्टँडच्या दाराशी तो रद्द गाड्यांचा जुना फळा धूळ खात पडला होता. आप्पांनी तो पुसून पुन्हा भिंतीला टांगला. लाकडी पट्टी लावून मधोमध उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला वर लिहिलं, 'आज नाही'. उजव्या बाजूला, 'म्हणून'.

डावीकडे: सापाचं इंजेक्शन. उजवीकडे: हायवेवरच्या मोठ्या दवाखान्यात आहे, सकाळी फोन केला. डावीकडे: ॲम्ब्युलन्स (पंक्चर). उजवीकडे: मगनभाईंची जीप, डिझेल पाहिलं. डावीकडे: नळाचं पाणी. उजवीकडे: गिरणीमागचा हातपंप चालू. बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या सगळ्यांनाच मराठी वाचता येतं असं नाही, म्हणून प्रत्येक ओळीपुढे एक चित्र. आप्पांचा साप गांडुळासारखा दिसायचा आणि ॲम्ब्युलन्स तेलाच्या डब्यासारखी, पण रोज बघून बघून लोकांना कळायला लागलं.

जे आहे, ते आप्पा कधीच लिहीत नसत. मी एकदा विचारलं, की दवाखान्यात डॉक्टर आहेत हे पण लिहा ना. तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी फलाटावर म्हैस बांधायला सांगितली आहे.

"जी गाडी टायमावर शे ती फळावर कोन लिखस? रद्द व्हयनी ती लिखनी पडस."

झालं. त्यामुळे गावाला एक सवय लागली. येता-जाता फळ्याकडे नजर टाकायची. ज्याचं चित्र फळ्यावर नाही, ते आहे. फळा रिकामा, तर सगळं आहे. ही सवय लक्षात ठेवा.

सकाळची नवापूर गाडी सुटली की आप्पाही सुटायचे. पहिला थांबा सरकारी दवाखाना. तिथल्या सिस्टर त्यांना लांबूनच सांगायच्या, "आहे हो आप्पा, सगळं आहे." आप्पा फ्रीजसमोर जाऊन उभे.

"शे म्हनू नको बेन. दखाड."

दाखवल्याशिवाय हलायचे नाहीत. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला गाडी सुरू करून दाखवायला लावायचे. मगनभाईंच्या जीपच्या टाकीत काडी घालून बघायचे. मगनभाई कापसाचे व्यापारी, वजनदार माणूस, ते चिडायचे, "मी काय खोटं बोलतो का?" आप्पा काडी पुसत म्हणायचे, "तुम्ही नही हो, डिझेलना काटा खोटा बोलस."

आणि शिड्या. कोणाकडे शिडी, कोणाकडे विहिरीचा दोर, कोणाकडे ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, हे सगळं आप्पांना पाठ होतं, पण पाठ असण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. महिन्यातून एकदा ते प्रत्येक वस्तू खरोखर उसनी मागायचे, खांद्यावर टाकून स्टँडपर्यंत न्यायचे आणि तासाभरात परत आणून द्यायचे. काम काही नसायचं. नुसती ने-आण. आमच्या शेजारणीची शिडी जळणाखाली गाडली गेलेली; ती काढायला निम्मं जळण अंगणात पसरावं लागलं. ती बोलली ते इथे छापता येणार नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "आते आग लागती तं?" आणि शिडी घेऊन चालू लागले. संध्याकाळपर्यंत ती शिडी भिंतीला टेकून ठेवली गेली, आणि आजही तिथेच आहे.

लग्नाला बोलावलं तर आहेर आणायचे, पण जेवायला बसण्याआधी वधूपित्याला गाठायचे. "मांडवमा इतली मानसं. विहिरमा कोनी पडनं तं दोर कोठे शे?"

"आप्पा, बसा ना, पंगत बसली."

"दोर दखाड, मंग बसस."

वरात दाराशी आलेली आणि मुलीचा बाप भर उन्हात गोठ्यात दोर शोधतोय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

याकोब मास्तरांचं तर काय झालं. मास्तर मूळचे नवापूरच्या डोंगराकडचे, आमच्या गावात शिकवायला होते. त्यांचं रक्त दुर्मीळ गटाचं. म्हणून आप्पांनी त्यांना बजावून ठेवलेलं, की गाव सोडताना सांगून जायचं. मास्तर एकदा भाचीच्या लग्नाला गेले, सांगून गेले. आप्पांनी इमानानं लिहिलं. आज नाही: याकोब मास्तर. दुपारी त्यांचे एक नातेवाईक बाजाराला आले, त्यांनी ते वाचलं आणि फळ्यापुढेच हंबरडा फोडला. तासाभरात मास्तरांच्या घरापुढे पन्नास माणसं. कोणीतरी चर्चची घंटा वाजवायलाही निघालं होतं. संध्याकाळी मास्तर मिठाईचा पुडा घेऊन बसमधून उतरले आणि आपल्याच दारातली गर्दी बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

त्या दिवसापासून आप्पा माणसाच्या नावापुढेही कंसात कारण लिहायला लागले.

लोकांना वाटायचं, या माणसाचं कोणीतरी जवळचं वेळेवर औषध न मिळाल्यानं गेलं असणार, त्याशिवाय का कोणी असं वागतं? मलाही तसंच वाटायचं. मी विचारलंच. सगळे हेच विचारतात म्हणून आप्पा चक्क वैतागले.

"बठ्ठा हाईच इचारतस. कोनी मरेल नही. मी कंट्रोलर व्हतू. गाडी रद्द व्हयनी तं सांगनं पडस. इतलंच."

आता माझं सांगते. नंदुरबारला बी.ए. करून मी गावी परतले ती पत्रकं लिहायला लागले. आम्ही पाच-सहा जण होतो. रेशन, शाळा, दवाखाना, काहीही असो, पत्रक निघायचं. ते काम मी अजून करते आणि त्याची मला लाज नाही. ज्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन महिनोन्‌महिने नसतं, त्याच्या कारभाऱ्यांना सभ्य भाषेत पत्र लिहायचं नसतं. डोंगरात, शेतात, कापसात रोज सापाशेजारी हात घालणारी माणसं इथे राहतात. त्यांना इंजेक्शन मिळणं ही मेहेरबानी नाही.

म्हणून मला आप्पांच्या फळ्याची डावी बाजू फार आवडायची आणि उजवी बाजू डोळ्यात सलायची. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, ती उजवी बाजू पुसा. तुम्ही जीप शोधून देता, फोन करून देता, म्हणून वर कोणाला लाज वाटत नाही. त्यांचं काम तुम्ही फुकट करता."

आप्पा खडू घासत होते. वळलेसुद्धा नाहीत. "बरं. मंग जेले साप चावना त्याले काय सांगू? थांब भो, पोरगी निवेदन देवाले गई शे?"

स्टँडवरचे चहावाले, रिक्षावाले सगळे हसले. मला झोंबलं.

एका सकाळी मी फळ्याचा फोटो काढला. आप्पा म्हणाले, "काढ, पन बठ्ठा काढ. अर्धा फळा नको." मी हो म्हटलं. घरी येऊन उजवी बाजू कापली आणि डावी तेवढी पत्रकावर छापली. वर मथळा दिला: 'आज नाही, उद्या नाही, कधीच नाही!' दोन दिवसांत ते पत्रक जिल्हाभर फोनवरून फिरलं.

तिसऱ्या दिवशी एक साहेब गाडीतून उतरले. कोणत्या खात्याचे, ते सोडून देते. हातात माझं पत्रक. त्यांनी आप्पांना विचारलं, परवानगी कोणाची? आप्पा म्हणाले, कोनाची नही. साहेबांनी सोबतच्या शिपायाकडून ओल्या फडक्यानं फळा पुसून घेतला. आवारात परवानगीशिवाय एक अक्षर दिसता कामा नये, असं बजावलं आणि गेले. फ्रीज बघायला गेले नाहीत. पाचशे पावलांवर होता.

मी तिथेच होते. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मिळाला मुद्दा! मी कोऱ्या फळ्याचा फोटो काढला. पुढच्या पत्रकाचं नाव डोक्यात तयार होतं: 'मुस्कटदाबी'. आप्पा आमच्या घराच्या भिंतीकडे बघत होते. ती स्टँडच्या अगदी तोंडावर आहे, खाजगी आहे, तिच्यावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं.

"नको आप्पा," मी म्हटलं. "चार दिवस फळा कोराच राहू द्या, दुसरीकडे पण लिहू नका. मी निवेदन देते. कोरा फळा जास्त बोलतो."

"काय बोलस तो?" आप्पांनी विचारलं. "तुले माहीत शे का, काय बोलस?"

मला घाई होती. मी निवेदन लिहायला घरी निघाले.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा फळ्याखाली उभे राहायला लागले. अक्षराला बंदी होती, तोंडाला नव्हती. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, दर गाडीला एक घोषणा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आज नाही. कृपया कोणी चावून घेऊ नये. चावल्यास हायवेवरच्या मोठ्या दवाखान्यात जावे, व्हाया मगनभाईंची जीप." पोरं टाळ्या वाजवायची. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. माईक नव्हता. तिसऱ्या दिवशी आवाज बसला. चौथ्या दिवशी सकाळी घशातून नुसती हवा येत होती. तरी उभे होते.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझी आई मागच्या अंगणात चुलीसाठी परहाट्या ओढत होती. कापसाच्या वाळक्या काड्यांचा तो ढीग. आत घोणस होती. पायाच्या घोट्याजवळ चावली.

मी घरात नव्हते. मी नंदुरबारला एका ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून होते, फळ्याबद्दलचं निवेदन मांडीवर घेऊन.

पुढचं आईनं आणि रिक्षावाल्या सुकदेवनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता मीच तिथे होते असं वाटतं. शेजारणीनं आरडाओरडा केला, सुकदेवनं रिक्षा दारात घातली. कोणीतरी आईच्या पायाला सुतळी करकचून बांधली. रिक्षा स्टँडच्या तिठ्यावर आली. डावीकडे सरकारी दवाखाना, दोन मिनिटांवर. सरळ हायवे. सुकदेवनं सवयीनं फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर सापाचं चित्र नव्हतं, आणि तीन दिवस कानावर येणारी घोषणाही आज ऐकू आली नव्हती. म्हणजे इंजेक्शन आहे. त्यानं रिक्षा डावीकडे वळवली.

गावातल्या कोणीही तेच केलं असतं. मीसुद्धा.

शिट्टी वाजली. लांब, न थांबणारी. आप्पा रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, जशी ते मागे येणारी गाडी थांबवायचे. सुकदेव ओरडला, "आप्पा, सरका! मावशीले साप चावना!"

आप्पांनी हातानंच विचारलं, कुठे?

"सरकारीमा!"

आप्पांनी मान हलवली. सुकदेवनं फळ्याकडे बोट केलं. "अहो, फळा कोरा शे ना!"

तेव्हा आप्पा रिक्षात डोकं घालून, त्या फाटलेल्या घशातून बोलले. आई म्हणते, आवाज बोरूनं कागद खरवडल्यासारखा होता. "फळा कोरा शे. फ्रीज बी कोरा शे. मी देखी उनू."

मगनभाईंची जीप समोर उभी होती. टाकीत काडी सकाळीच घालून झालेली. मगनभाई हिशेबाचं सगळं टाकून स्वतः स्टेअरिंगवर बसले. आप्पांनी आधी ती सुतळी सोडवली, रक्त अडून पाय जाऊ नये म्हणून. मग फळ्याच्या खिळ्यावरची रेघ ओढायची लाकडी पट्टी काढली, आईच्या पायाला लांबीत लावली आणि आपल्या रुमालानं सैल बांधली. आईला वाटलं, म्हातारा आता माप घेतोय की काय. ते तिला कसंबसं म्हणाले, "माय, पाय हालाडू नको. बाकी बठ्ठं मी देखस." मग मगनभाईंना बोटानं दाखवलं: फरशी पुलावरून नको, खोदलाय, हायवेनं. आणि जीप सुटली तशी शिट्टी वाजवली. दोनदा. गाडी सुटली की वाजवतात तशी.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा इंजेक्शन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. एवढंच. पाय मांडीपर्यंत सुजला होता, पण आईचे डोळे उघडे होते आणि तिनं मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं?

"ती पट्टी आप्पानी शे. संभाळी ठेव."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. पर्समध्ये ते निवेदन होतं. 'कोरा फळा ही आमच्या आवाजाची मुस्कटदाबी आहे,' असं सुंदर अक्षरात लिहिलेलं. कोरा फळा काय बोलतो, ते मला तिथे कळलं. कोरा फळा म्हणत होता, सगळं आहे, या. आणि त्याच्यावर विश्वास ठेवून सुकदेव माझ्या आईला रिकाम्या फ्रीजपाशी घेऊन गेला असता.

आई आठवड्यानं घरी आली. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. आवाज परतला होता. तब्येत कशी, वगैरे काही नाही.

"पट्टी?"

मी पट्टी दिली. चहा दिला. मग म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. अर्धा फोटो छापला. आणि फळा कोरा ठेवायला लावला."

"हां," आप्पा म्हणाले. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. बशीतला चहा संपवला आणि आमच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "काळा रंग मारना पडी."

भिंत आम्ही दोघांनी रंगवली. काळा रंग, मधोमध उभी रेघ. मी अजून थोडी भांडलेच. म्हटलं, उजवी बाजू लिहिली म्हणजे डावी माफ होत नाही. आप्पा म्हणाले, "माफ कोन करी ऱ्हायनं? डावीसाठे तू भांड. जोरमा भांड. तवलोंग उजवी चालू ऱ्हाऊ दे."

पुढचं पत्रक आम्ही पूर्ण फळ्याच्या फोटोसकट काढलं. खाली आईचा अंगठा, मगनभाईंची सही, याकोब मास्तरांची सही, सुकदेवची सही. बाजाराच्या दिवशी दवाखान्यावर मोर्चा नेला. तीन वेळा नेला. नंतर फ्रीज भरला. कशामुळे, ते कोणी सांगत नाही. मी सांगते: भांडल्यामुळे भरला.

आप्पांनी एक नियम मात्र बदलला. फळा कधीही कोरा ठेवायचा नाही. मला चार महिने बरोबर फिरवलं. सिस्टर 'आहे' म्हणाल्या आणि मी मान डोलावली, की मागून खोकायचे. मग धाकट्या मुलाकडे सुरतेला राहायला गेले. गुडघ्यांनी दगा दिला होता. निघताना पट्टी माझ्या हातात दिली आणि बसमध्ये चढून कंडक्टरला म्हणाले, आग विझवायचं नळकांडं दाखव. त्यानं दाखवलं. आप्पांनी ते खाली-वर करून पाहिलं, मगच खिडकीशी बसले. घंटी कंडक्टरनं मारली, पण शिट्टी त्यांनीच वाजवली.

ते सुरतेला गेल्यावर काही महिन्यांनी एक सकाळ आली. फ्रीज उघडून पाहिला, बाटल्या होत्या. ॲम्ब्युलन्स एका चावीत सुरू झाली. डॉक्टर खुर्चीत होते. फरशी पूल बांधून झाला होता, नळाला पाणी होतं, याकोब मास्तर शाळेत होते. मी खडू घेऊन भिंतीपुढे उभी राहिले आणि डाव्या बाजूला लिहायला काही नव्हतं. असं कधी झालंच नव्हतं. आप्पांच्या काळातही नाही.

मग पूर्ण फळाभर, रेघ ओलांडून, मोठ्या अक्षरात लिहिलं: आज सगळं आहे. पाहून आले.

आई लंगडत बाहेर आली. तिला वाचता येत नाही. चित्र कुठेच नाही म्हणून तिच्या कपाळाला आठी.

"काय लिखं वं?"

मी वाचून दाखवलं. तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टरनी दखाडं का?"

"दखाडं."

"मंग बरं," आई म्हणाली, आणि मिरच्यांकडे वळली.